वचन गाळलं, की मुळात नव्हतंच?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. आजोबांच्या इंग्रजी बायबलात, म्हणजे १६११ च्या भाषांतराच्या प्रतीत, योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत’ असं सातवं वचन आहे. तुमच्या मराठी पवित्र शास्त्रात ते नाही. बाहेरगावच्या एका सुवार्तिकाने सभेत सांगितलं, की नव्या बायबलांतून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, काढून टाकायचा हा डाव आहे. इकडे तुमचा मावसभाऊ म्हणतो, त्रैक्य ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेत राजाच्या हुकमानं ठरलं, त्याआधीच्या ख्रिस्ती लोकांना ते ठाऊकच नव्हतं. तुमचं विचारणं असं, की सर्वांत जुनी हस्तलिखितं आणि मंडळीच्या आद्य आचार्यांचं लिखाण घेऊन बसलं, तर यातलं सुशिक्षण, म्हणजे खरी शिकवण, कोणतं ते ठरवता येईल का.

बरंचसं येईल. पण तुम्ही तीन प्रश्नांची एकच मोट बांधली आहे. मुळात काय लिहिलं होतं, हा एक. ते वाचून त्या काळच्या लोकांनी काय समजून घेतलं, हा दुसरा. आणि आज आपण काय मानायचं, हा तिसरा. पहिल्याला हस्तलिखितं उत्तर देतात, दुसऱ्याला आचार्य. तिसऱ्याचं उत्तर दोघंही परस्पर देत नाहीत. त्यात तुम्ही कोणत्या मंडळीचे यालाही महत्त्व आहे. वसईचा माझा एक कॅथलिक मित्र परंपरेलाच अधिकार मानतो. तिथे आचार्यांचा शब्द माझ्याकडे असतो त्यापेक्षा जड पडतो. मी प्रॉटेस्टंट घरातला, माझ्या लेखी आचार्य हे साक्षीदार, न्यायाधीश नव्हेत. खाली लिहितो ते या बाजूनं, हे ध्यानात ठेवून वाचा.

मी पाळक नाही, पोथ्यांचा माणूस आहे. बडोद्यात माझी बरीच वर्षं संस्कृत-मराठी पोथ्यांची वर्णनं लिहिण्यात आणि पाठ ताडून बघण्यात गेली. रविवारी दुपारी मंडळीतल्या मोठ्यांचा शास्त्रवर्ग घेतो. ग्रीक चाळिशीनंतर शिकलो, अजून बोट ठेवूनच वाचतो. तरी पोथ्यांच्या सवयीचा नव्या कराराच्या बाबतीत मला फार उपयोग झाला, कारण नकलणारा माणूस इथून तिथून सारखाच. त्याला झोप येते, त्याची ओळ चुकते, आणि मधूनमधून त्याला वाटतं की मूळ लेखकापेक्षा आपल्याला जास्त कळतं.

आपल्या बडोद्याचंच उदाहरण घ्या. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. पुण्याला भांडारकर संस्थेनं महाभारताचं तेच काम केलं. या कामाचा एक साधा नियम आहे: पोथ्या मोजायच्या नाहीत, त्यांची घराणी ओळखायची. एकाच पोथीवरून उतरवलेल्या पन्नास प्रती म्हणजे साक्षीदार एकच. पण काश्मीरची शारदा लिपीतली प्रत आणि केरळची मल्याळम लिपीतली प्रत, ज्यांची कधी गाठ पडली नाही, त्या दोघी एकच पाठ देत असतील, तर तो पाठ जुना. याच नियमानं महाभारताच्या आदिपर्वात गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती गोष्ट मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. म्हणून त्या आवृत्तीचे संपादक सुखटणकर यांनी गणपतीच काढून टाकला असं कुणी म्हटलं नाही, आणि दगडूशेठच्या रांगेतला एक माणूसही कमी झाला नाही.

आता तुमचं सातवं वचन. पोथीत समासात दोन प्रकारचा मजकूर असतो. नकलताना राहून गेलेले शब्द नंतर तिथे भरतात, आणि ओळीत जिथे ते हवेत तिथे कावळ्याच्या पावलासारखी छोटी खूण करतात. तिला काकपद म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे वाचणाऱ्यानं स्वतःच्या समजुतीसाठी लिहिलेली टीप. तिला काकपद नसतं. शंभर वर्षांनी पुढचा नकलणारा येतो, दिव्याच्या उजेडात त्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि टीपही ओळीत जाऊन बसते. मी हे हाताखालच्या पोथीत घडलेलं पाहिलं आहे. एका प्रतीत समासात बारीक अक्षरात ‘म्हणजे’ घालून लिहिलेला अर्थ, आणि तिच्यावरूनच उतरवलेल्या दुसऱ्या प्रतीत तो मधोमध, ‘म्हणजे’ सकट!

योहानाच्या पत्रात निर्विवाद मजकूर आहे तो असा: साक्ष देणारे तीन, आत्मा, पाणी आणि रक्त. लॅटिन वाचणाऱ्यांना त्या तिघांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा दिसला. तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियनच्या लिखाणात त्या अर्थाची चाहूल लागते. पण वचन म्हणून हे शब्द खात्रीनं भेटतात ते चौथ्या शतकात, स्पेनमधल्या प्रिसिलियनच्या लॅटिन लिखाणात. हळूहळू ते लॅटिन बायबलांत रुळले. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त नोंदली गेली आहेत. त्यांतल्या ज्या मोजक्या प्रतींत हे शब्द आहेत, त्या एकतर फार उशिराच्या आहेत, नाहीतर त्यांत हे शब्द कुणीतरी नंतर समासात लिहिलेले आहेत.

इरॅस्मस या युरोपातल्या विद्वानानं १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, त्यात हे वचन नव्हतं. १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही नव्हतं. ओरड झाली. मग एक ग्रीक प्रत पुढे आली, आज ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, तिच्यात हे शब्द होते. पण ती प्रत लिहिलेलीच मुळी सोळाव्या शतकातली. इरॅस्मसनं १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत वचन घातलं, तोच छापील वंश पुढे चालला आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतरात उतरला. आजोबांच्या कपाटात ते आलं ते या वाटेनं.

एवढ्यानंही पटत नसेल तर मला सर्वांत मोठा वाटतो तो पुरावा सांगतो. चौथ्या शतकात एरियसच्या मतावरून पन्नासेक वर्षं भांडण पेटलं होतं. पुत्र हा पित्यासारखाच देव आहे, की एरियस म्हणतो तसा निर्माण केलेला आहे, हाच वादाचा मुद्दा. अथानासियस, बासील, ग्रेगरी या ग्रीक आचार्यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली, शास्त्राचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. पण या वादात ‘हे तिघे एक आहेत’ हे वचन त्यांच्यापैकी कुणीच पुढे केलं नाही. ज्याच्या हातात स्वतःच्या नावाचा सातबारा आहे तो माणूस कोर्टात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी गोळा करत बसेल का? त्यांच्या बायबलात ते वचन नव्हतं, इतकाच याचा अर्थ.

यात सुवार्तिकांना उत्तर मिळतं, पण त्यांनी मागितलं त्याहून निराळं. वचन नव्या बायबलांनी गाळलेलं नाही, जुन्या छापील बायबलांत ते वाढलेलं होतं. आणि त्रैक्याची बाजू जिंकली ती या वचनाशिवाय जिंकली.

वर्गात मी यासाठी एक पोस्टकार्ड ठेवतो. वादातलं वचन कार्डाखाली झाकायचं आणि विचारायचं: आता शिकवण उभी राहते का? हे सातवं वचन झाकलं तर मत्तय २८:१९ उरतं, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा आशीर्वाद उरतो, योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य उरतं, थोमाचं ‘माझा प्रभू आणि माझा देव’ उरतं. इमारत हलत नाही. एक खोटा खांब काढला, तो वजन घेतच नव्हता.

आता तेच कार्ड मार्क १६ च्या ९ ते २० वचनांवर ठेवा. चौथ्या शतकातल्या सायनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन मोठ्या प्रतींत मार्क आठव्या वचनावरच थांबतो: स्त्रिया घाबरून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढचा मजकूर झाकला तरी पुनरुत्थान जागच्या जागी आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय एकटा त्याला पुरेसा आहे. पण त्या झाकलेल्या भागात ‘सर्प उचलतील, प्राणघातक काही प्याले तरी बाधणार नाही’ असंही आहे. अमेरिकेच्या डोंगराळ भागात याच एका वचनावर उपासनेत विषारी साप हाताळणाऱ्या मंडळ्या निघाल्या. तो प्रकार पसरवणारे जॉर्ज हेन्स्ली १९५५ साली साप चावूनच गेले. त्यांची ती शिकवण कार्डाखाली पूर्ण नाहीशी होते.

इतक्या लांब जायला नको. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी याच उताऱ्यावरचा उपदेश ऐकून साखरेच्या गोळ्या बंद केल्या होत्या. ‘दुखणाइतांवर हात ठेवतील म्हणजे ते बरे होतील’ ही त्यातलीच ओळ. उपदेशकाचं नाव घेत नाही. पाय काळा पडायला लागला तेव्हा घरच्यांना कळलं. दोन बोटं गेली, काकू वाचल्या. मी त्यांना हस्तलिखितांचं काही सांगितलं नाही. पुढे वर्षभरानं त्यांनीच विचारलं, ‘ते वचन कंसात का रे आहे?’ मला वाटतं, हा प्रश्न आधी विचारायला त्यांना कुणी शिकवलं असतं तर! प्रार्थना करू नका असं मी म्हणत नाही. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंच आहे. गोळ्या बंद करायला मात्र कुठेही सांगितलेलं नाही.

मात्र मार्कच्या या शेवटाबद्दल एक गोष्ट लपवली तर मी तुमच्या सुवार्तिकांसारखाच ठरेन. ल्यों शहराचा बिशप आयरेनियस साधारण १८० साली याच भागातलं एकोणिसावं वचन मार्कचं म्हणून उद्धृत करतो. म्हणजे हा पुरावा त्या दोन्ही प्रतींपेक्षा दीडशे वर्षांहून अधिक जुना! सर्वांत जुनी प्रत आणि सर्वांत जुना पाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही बहुतेक अभ्यासक हा शेवट मार्कचा मानत नाहीत, आणि मलाही तो वाटत नाही. भाषेचा पोत बदलतो, मग्दालीया मरियेची ओळख ती आधीच येऊन गेलेली असताना नव्यानं करून दिली जाते, आणि काही प्रतींत तिसराच, दोन ओळींचा शेवट सापडतो. अर्धवट वाटणाऱ्या गोष्टीला लोक शेवट जोडतात, पूर्ण झालेल्या गोष्टीचा शेवट सहसा कुणी तोडत नाही. पोथ्यांतही अवघड पाठ सोपा झालेला दिसतो, उलटं क्वचित.

सर्वांत जुन्या प्रतीलाच निकष मानलंत तर आणखी एक घोटाळा होईल. सायनायटिकसमध्ये नव्या कराराच्या पाठोपाठ बर्णबाचं पत्र आणि हर्मासचा ‘मेंढपाळ’ही आहे. तेही घ्यायचं का? आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा मँचेस्टरला असलेला प्रसिद्ध पपायरसचा तुकडा, जो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात, तो तळहातापेक्षा लहान आहे. पिलातापुढच्या संवादाच्या काही ओळी. त्याचं मोल मोठं, पण त्यावरून सिद्धांत ठरवायला बसू नका.

आता मावसभाऊ. त्याला एकदम उडवून लावू नका, तो अर्धा बरोबर आहे. पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे हा ग्रीक शब्द विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, बसला तो ३२५ मध्येच. त्याआधीच्या आचार्यांची भाषा सैल आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनची काही वाक्यं नायसियानंतर कुणी लिहिली असती तर त्याला जाब द्यावा लागला असता.

पण ‘ठाऊकच नव्हतं’ हे चूक. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस मरणदंडासाठी रोमला नेला जात असताना वाटेत पत्रं लिहितो, आणि येशूला सरळ ‘आपला देव’ म्हणतो. ११२ च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्रेजनला कळवतो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. हा तर परका माणूस, त्याला आपल्या सिद्धांताशी काय देणंघेणं? त्रयी या अर्थाचा ग्रीक शब्द १८० च्या सुमारास अंत्युखियाच्या थियोफिलसकडे आहे, आणि लॅटिन शब्द नायसियाच्या शंभर वर्षं आधी कार्थेजच्या टर्टुलियनकडे. राजाच्या हुकमाचं म्हणाल, तर नायसियाची सभा बोलावणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइननंतर त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस नायसियाच्या विरोधात होता, पुढे सम्राट व्हॅलेन्सही. अथानासियस पाच वेळा परागंदा झाला. राजाचा हुकूमच चालायचा असता, तर आज आपण एरियसचा विश्वासांगीकार म्हणत असतो. आणि बायबलातली पुस्तकं नायसियात निवडली असं काहीजण म्हणतात, तेही खरं नाही. नव्या कराराच्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला अथानासियसच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते.

इग्नेशियसचं नाव घेतलं म्हणून इथे थोडा थांबतो, कारण मावसभाऊ उद्या हाच मुद्दा काढेल. आचार्यांचं लिखाणही नकलूनच आलं आहे, आणि त्यातही भर पडली आहे. इग्नेशियसच्या पत्रांच्या तीन परंपरा आहेत: आखूड, मधली आणि लांब. लांबमध्ये चौथ्या शतकातल्या कुणीतरी आपल्या सोयीची वाक्यं घुसडली, शिवाय अख्खी खोटी पत्रं जोडली. १६४४ मध्ये आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी मधल्या परंपरेचा छडा लावला, आणि आज सात पत्रं अस्सल मानतात ती तीच. ‘आपला देव’ हे शब्द त्या मधल्या, अस्सल पत्रांत आहेत. लांब परंपरेतली वाक्यं कुणी दाखवली तर ती बाजूला ठेवा, मग ती आपल्या बाजूची का असेनात. आपल्याला यात नवल वाटायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याचसाठी, आणि वर बजावून ठेवलं की यात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणं. नरोट्या ठेवणारे सगळीकडे होते.

आचार्य चुकतातही. ज्या आयरेनियसला मी वर साक्षीला बोलावलं, तोच लिहितो की येशू पन्नाशीच्या जवळ पोचेपर्यंत शिकवत होता, आणि हे आपल्याला योहानाला भेटलेल्या वडीलधाऱ्यांकडून कळलं आहे! शुभवर्तमानं वाचून कुणालाही हे पटणार नाही. म्हणजे ‘फलाणे आचार्य म्हणतात’ एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. पण ल्यों, कार्थेज, अलेक्झांड्रिया आणि अंत्युखिया, चार ठिकाणचे, स्वभावानं वेगळे, एरवी एकमेकांशी भांडणारे लोक एकच गोष्ट सांगत असतील, तर ती काश्मीर-केरळवाली साक्ष झाली. देव एक, तोच निर्माता, ख्रिस्त खरोखर देहात आला, मेला, उठला, पुन्हा येणार: हे असं चहूकडून मिळतं. ख्रिस्त पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील या समजुतीबद्दल मात्र मिळत नाही. जस्टिन स्वतः ते मानायचा, पण शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती तसं मानत नाहीत असं प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. तेव्हाच एकमत नव्हतं, तर त्यावरून आज कुणाला मंडळीबाहेर काढू नये, हे माझं मत.

व्यवहाराचं सांगायचं तर ग्रीक शिकायची गरज नाही. कंस आणि तळटीपा असलेली आवृत्ती घ्या आणि त्या वाचा. ‘काही जुन्या प्रतींत हे नाही’ ही ओळ दिसली की पोस्टकार्ड काढा. सुवार्तिकांशी भर सभेत वाद घालू नका, माणूस चारचौघांत मागे सरत नाही. उपासनेनंतर चहाच्या वेळी एवढंच विचारा, की हे वचन चौथ्या शतकाच्या आधीच्या कोणत्या ग्रीक प्रतीत आहे. उत्तर आलं तर मलाही कळवा.

आणि आजोबांचं बायबल टाकू नका, त्यात खाडाखोडही करू नका. सातव्या वचनाशेजारी समासात पेन्सिलीनं टीप लिहा, पण खाली तुमचं नाव आणि तारीख घाला. काकपद मात्र चुकूनही काढू नका, नाहीतर तुमचा नातू ते ओळीत घालेल.